गावरान कोंबड्यांचा ‘रोगमुक्त’ दाखला : तो कुठं मिळतो, त्याआधी काय तपासायचं

रेणापूरकडच्या एका ताईंनी विचारलं आहे : “आमच्याकडे ८५ गावरान कोंबड्या आणि ७ कोंबडे आहेत. आतापर्यंत खायची अंडी विकली. आता बचत गटातून उबवणीची अंडी आणि पिल्लं विकायची आहेत. लातूरचा एक घेणारा म्हणतो, कळप रोगमुक्त असल्याचा दाखला आणा. भाच्यानं मोबाईलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला, तिथं घरच्या कोंबड्यांनाही असा दाखला देतात. आमच्या दवाखान्यात मात्र ‘असलं काही नसतं’ असं सांगितलं. मग करायचं काय? कोंबड्या तशा ठणठणीत आहेत. मागच्या खेपेला १४ पिल्लांतली ५ आठ-दहा दिवसांत गेली, पण तेवढं चालायचंच.”

ताई, दवाखान्यात सांगितलं ते अर्धं खरं आहे. परसातल्या कळपाला ‘सर्व रोगांपासून मुक्त’ असा एकच शिक्का आपल्याकडे मिळत नाही. पण घेणाऱ्याला हवा तेवढा भरवशाचा कागद तुम्ही नक्की मिळवू शकता. आणि ती पाच पिल्लं चालायची नाहीत. त्यांच्याकडे शेवटी येतो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला तीच वाटली.

व्हिडिओत पाहिलंत ती अमेरिकेची राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना. १९३५ साली ती सुरू झाली ती मुख्यतः एका रोगाच्या मागे लागून : पुलोरम, म्हणजे पिल्लांची पांढरी हगवण. पुढे तिच्यात कोंबड्यांचा टायफॉईड, मायकोप्लाझ्मा (जुनाट सर्दी), बर्ड फ्लू असे रोग वाढत गेले. तिथं परसात कोंबड्या पाळणाराही नाव नोंदवून तपासणी करून घेऊ शकतो. आपल्याकडे ‘मुक्त’ हा शब्द सरकारी पातळीवर वापरला गेला तो मोठ्या प्रकल्पांसाठी. २०२३ मध्ये भारतानं २६ कुक्कुट प्रकल्प बर्ड फ्लूमुक्त असल्याचं जाहीर केलं आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेनं ते मान्य केलं. त्यांत महाराष्ट्रातलेही आहेत. त्यांच्याकडे कुंपण, कपडे बदलायच्या खोल्या आणि ठरल्या मुदतीनं तपासणी असते. आपलं खुराडं त्या चौकटीत बसत नाही आणि बसवायची गरजही नाही.

तुम्ही तीन कागद जमवा. प्रयोगशाळेचा अहवाल, लसीकरणाची नोंद आणि या दोन्हींचा उल्लेख करून दिलेला आरोग्य दाखला. या दाखल्यावर सही नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच लागते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात ते स्पष्ट आहे. म्हणजे गावात लस टोचायला येणारे पशुधन पर्यवेक्षक कितीही अनुभवी असले तरी सही पशुधन विकास अधिकाऱ्यांची घ्या आणि सहीखाली नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. दवाखान्यात जाऊन ‘रोगमुक्त दाखला द्या’ म्हणालात तर पुन्हा नकार मिळेल, आणि तो बरोबरच असेल. ‘पुलोरमची रक्तचाचणी करायची आहे, तिच्या निकालावर आरोग्य दाखला हवा आहे’ असं म्हणा.

नुसत्या पाहणीवर दिलेला दाखला का घेऊ नये, हे मी स्वतः चुकून शिकलो. पशुवैद्यक म्हणून नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. चाळीसेक कोंबड्यांचा कळप पाहिला. तुरे लालभडक, पिसं चकचकीत, अंडी चालू. मी ‘निरोगी’ लिहून सही केली. घेणाऱ्यानं त्यांची अंडी उबवली. पिल्लं निघाली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पंख पाडून, डोळे मिटून, एकमेकांना चिकटून उभी राहायला लागली. गुदाभोवती चुन्यासारखी पांढरी विष्ठा वाळून बसलेली. निम्म्याच्या वर गेली. मी परत जाऊन त्या कळपातली एक कोंबडी मागून घेतली आणि उघडून पाहिली. निरोगी कोंबडीच्या पोटात बलक द्राक्षाच्या घडासारखे असतात, गोल आणि पिवळेधमक. हिचे काही बलक सुरकुतलेले, कोनेदार, हिरवट-तपकिरी होते, लांब देठाला लोंबत होते आणि आतून खरवसासारखे घट्ट झालेले होते. अशी कोंबडी बाहेरून ठणठणीत दिसते. रोगाचे जंतू ती अंड्यातून पिल्लात पाठवत राहते. त्या माणसाचं नुकसान माझ्या सहीनं झालं होतं. त्यानंतर उबवणीच्या कळपाला रक्त तपासल्याशिवाय मी सही केलेली नाही.

म्हणून तुमच्यासाठी पहिली चाचणी पुलोरमची. हीच चाचणी कोंबड्यांचा टायफॉईडही पकडते, कारण दोन्हींचे जंतू सख्ख्या भावांसारखे आहेत. ती अंगणात होते. इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था यासाठी रंगीत अँटिजेन, म्हणजे मारलेल्या जंतूंचं चाचणीचं द्रावण, तयार करते. निळसर जांभळं पाणी असतं ते. ते आधी मागवावं लागतं आणि फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, म्हणून डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवा, ऐनवेळी जाऊ नका. पांढऱ्या फरशीवर अँटिजेनचा एक थेंब, शेजारी कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेतलं तेवढंच रक्त, दोन्ही काडीनं मिसळायचं आणि फरशी हलकेच डोलवत राहायचं. दोन मिनिटांत निकाल. थेंब सारखाच जांभळट राहिला तर कोंबडी निर्दोष. दूध नासल्यावर कण वेगळे आणि पाणी वेगळं होतं तसे निळे कण गोळा झाले, तर संशयित.

यात आपल्या भागाची एक अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊन ४२ अंशांवर जातं, हवा कोरडी असते आणि थेंब दोन मिनिटं टिकतच नाही. वाळणाऱ्या कडेला दाणे धरतात आणि चांगली कोंबडी संशयित ठरते. मी अशी चाचणी सकाळी आठच्या आत, आडोशाला, पंखा बंद ठेवून करतो. दोन मिनिटांनंतर दिसलेले कण धरायचे नाहीत. दर वेळी पक्का बाधित आणि पक्का निर्दोष असे रक्तजलाचे (गोठलेल्या रक्तावर सुटणाऱ्या पाण्याचे) दोन ओळखीचे नमुने शेजारी लावून पाहिले तर अँटिजेन चांगलं आहे की खराब, तेही कळतं. डॉक्टरांना याची आठवण करून दिलीत तर ते रागावणार नाहीत.

सोळा आठवड्यांच्या आतल्या पक्ष्यांत ही चाचणी भरवशाची नसते. त्याहून मोठ्या सगळ्या पक्ष्यांची करा, सातही कोंबड्यांसकट. ९२ पक्षी म्हणजे एका सकाळचं काम आहे. काहीजण ‘नमुन्याला दहा तपासू’ म्हणतात, ते ऐकू नका. १०० पक्ष्यांत दोनच वाहक, म्हणजे बाहेरून ठणठणीत पण आत रोग बाळगणारे, असतील तर दहा तपासून ते सुटण्याचीच शक्यता जास्त, आणि एक वाहक कोंबडी उबवणीची अख्खी खेप बिघडवायला पुरते. आदल्या रात्री सगळ्यांना खुराड्यातच कोंडून ठेवा. दिवसा अंगणभर पळवून पकडलेल्या कोंबड्या धापा टाकतात आणि दोन-चार हाती लागतच नाहीत. प्रत्येकीच्या पायात नंबरची प्लास्टिकची कडी घाला. कडी नसेल तर अहवाल कोणत्या कोंबडीचा हे सांगता येत नाही, आणि घेणारा तेच पहिल्यांदा विचारेल. आधीचे दोन-तीन आठवडे कुठलंही अँटिबायोटिक पाण्यातून देऊ नका. त्यानं रोग जात नाही, फक्त चाचणीत दडतो.

संशयित निघाल्या तर लगेच घाबरू नका, पण त्या बाजूला काढा. पुलोरमच्याच कुळातल्या दुसऱ्या काही साल्मोनेला जंतूंमुळेही कण धरतात, म्हणून एक-दोन संशयित कोंबड्या उदगीरच्या किंवा परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात देऊन जंतूंची वाढ करून खात्री करून घ्यावी. दोन्ही महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची आहेत, आणि उदगीर तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. खात्री झाली की ती कोंबडी कळपात परत नाही आणि बाजारात तर नाहीच. ती मारून, चुना टाकून खोल पुरायची. औषधानं ती बरी होऊन वाहक राहायची थांबेल असं कुणी म्हटलं तर मानू नका. मग किमान २१ दिवसांनी उरलेल्या सगळ्यांची पुन्हा चाचणी, आणि लागोपाठ दोन वेळा एकही संशयित निघाली नाही की कळप शुद्ध धरायचा. तोवर एकही अंडं उबवायला ठेवायचं नाही. पहिल्याच फेरीत चौथाई कळप संशयित निघाला, तर माझं मत विचाराल तर सगळा कळप काढा, खुराडं उकरून चुन्यानं सारवा, काही महिने मोकळं ठेवा आणि तपासलेल्या ठिकाणची पिल्लं आणा. शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे.

दुसरी चाचणी मायकोप्लाझ्माची, म्हणजे घरघर लागणाऱ्या जुनाट सर्दीची. हाही अंड्यातून उतरतो आणि गावरान कळपांत सर्रास आढळतो. याला रक्तजल लागतं. मोठ्या कोंबडीच्या पंखातून दीड-दोन मिली रक्त घेऊन सिरिंज आडवी ठेवायची, गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी वेगळ्या बाटलीत काढून बर्फात पाठवायचं. रक्त गोठायच्या आत बर्फात ठेवलं किंवा फ्रीझरमध्ये घातलं तर ते फुटून लाल होतं आणि नमुना वाया जातो. इथं मात्र सगळ्यांची गरज नाही. हा रोग शिरला की कळपात पसरतो, निदान दहा टक्क्यांना तरी लागण असते असं धरलं तर तुमच्या कळपातले २५ नमुने पुरतात. त्यात एक तरी सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. नमुन्यागणिक पैसे पडतात, म्हणून हा हिशेब आधी करावा. लस टोचल्यानंतर तीन-चार आठवडे हे रक्त घेऊ नका, खोटी लागण दिसू शकते.

मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं, गणित उलटं आहे आणि इथं शिकलेली माणसंही गोंधळतात. तुम्ही लस देता, म्हणून रक्तात राणीखेतची प्रतिकारशक्ती दिसणारच. अहवालात ‘टायटर’, म्हणजे या प्रतिकारशक्तीचा आकडा, चांगलं आलं म्हणजे लस लागू झाली, रोग आहे असं नाही. घेणाऱ्यानं तो आकडा पाहून नाक मुरडलं तर त्याला हे समजावून सांगा. राणीखेतसाठी दाखल्यात लसीच्या तारखा असाव्यात : पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लस डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठ-दहा आठवड्यांची तलंग झाली की आर-टू-बी ही लस टोचून. देवीची लस सहा-सात आठवड्यांना पंखाच्या पडद्यात. दर वेळी बाटलीवरचा बॅच नंबर वहीत उतरवून घ्या, रिकामी बाटली टाकण्याआधी. जंताचं औषध लसीच्या आठवडाभर आधी. खुराड्याच्या भिंतीच्या भेगांत गोचिड्या असतील तर त्या भेगा लिंपा. दिवसा त्या तिथंच दडतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात.

बर्ड फ्लूचं प्रमाणपत्र मात्र घरच्या कळपासाठी मागू नका. देशात हा रोग पहिल्यांदा २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापुरात सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या तेव्हा तो आपल्या दारात आला, आणि २०२५ च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे मेले ते याच रोगानं. त्याचं पक्कं निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होतं. आज घशातून आणि गुदातून बोळ्यानं घेतलेला नमुना निर्दोष आला तरी उद्या कावळ्यानं अंगणात घाण टाकली की तो अहवाल जुना झाला. एका दिवसात नेहमीपेक्षा जास्त कोंबड्या मेल्या, तुरा निळा पडला, डोकं सुजलं, किंवा गावात कावळे मरताना दिसले, तर मेलेला पक्षी उघडू नका, स्वतः उचलून प्रयोगशाळेत नेऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, १९६२ वर फोन लावा. २००९ च्या कायद्यानं असं कळवणं मालकाचं कर्तव्य आहे. आणि हेही लक्षात ठेवा : सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लपवून ठेवणाऱ्याचं दोन्हीकडून नुकसान होतं.

आता कळपात रोग शिरतो कुठून ते बोलू, कारण दाखला हातात पडल्यावर तो खरा ठेवायचं काम तुमचं आहे. माझ्या पाहण्यात सगळ्यात मोठी वाट म्हणजे आठवडी बाजारातून परत आलेली कोंबडी. सकाळी डालग्यात घालून चार नेल्या, दोन विकल्या, दोन संध्याकाळी परत खुराड्यात. त्या दोघी दिवसभर वीस गावांच्या कोंबड्यांशेजारी पाय बांधून पडलेल्या असतात. बाजारात गेलेली कोंबडी परत घरी आणायची नाही. पडत्या भावात द्या, नाहीतर त्याच रात्री चुलीवर चढवा. दुसरी वाट प्रेमाची. लेकीच्या सासरहून आलेला कोंबडा, खुडूक बसवायला शेजारणीकडून आणलेली कोंबडी. त्यांना नाही म्हणणं अवघड जातं, मला माहीत आहे. मग त्यांना घराच्या दुसऱ्या अंगाला, वेगळ्या भांड्यात चारा-पाणी देऊन महिनाभर ठेवा, रक्त तपासा, मगच मिसळा. तिसरी वाट अंड्यांचे ट्रे. घेणारा दहा घरांतून फिरलेले पुठ्ठ्याचे ट्रे तुमच्या दारात ठेवतो. तुम्ही प्लास्टिकचे घ्या, धुऊन उन्हात वाळवा आणि अंडी त्याच्या ट्रेमध्ये दाराबाहेरच भरा.

तपासणीला महिना विचाराल तर मी श्रावण सांगेन. आषाढात गिऱ्हाईक असतं, तेव्हाच जास्तीचे कोंबडे आणि म्हाताऱ्या कोंबड्या काढून कळप आटोपशीर करा. श्रावणात विक्री मंदावते, ऊन उतरलेलं असतं, थेंब वाळत नाही. पहिली फेरी श्रावणाच्या सुरुवातीला घेतली तर दुसरी महिना संपता संपता बसते.

दाखल्यावर मजकूर असा लिहून घ्या : “अमुक तारखेला अमुक यांच्या कळपातील पायात कडी क्र. १ ते ९२ असलेल्या सर्व ९२ पक्ष्यांची पुलोरम-टायफॉईड रक्तचाचणी केली. एकही पक्षी संशयित आढळला नाही. मागील चाचणी अमुक तारखेची. लसीकरणाची नोंद सोबत जोडली आहे. पाहणीच्या दिवशी कोणत्याही सांसर्गिक रोगाची लक्षणे आढळली नाहीत.” यात ‘रोगमुक्त’ शब्द नाही, पण जाणता घेणारा हाच कागद मागतो. दाखल्यासोबत वहीची झेरॉक्स द्या. पिल्लांच्या व्यवहारासाठी मी महिन्याच्या आतला दाखला धरतो आणि कळपाची पूर्ण चाचणी दर वर्षी पुन्हा करायला सांगतो.

आता ती पाच पिल्लं. १४ पैकी ५ आणि तीही पहिल्या दहा दिवसांत, हे पुलोरमच्या वेळापत्रकात बसतं. थंडीनं गारठून, बेंबी पिकून किंवा ओल्या भुशानंही पिल्लं जातात, म्हणून मी पुलोरमच आहे असं म्हणत नाही. पण आता ज्या कोंबडीखाली अंडी आहेत त्या खेपेतलं पहिलं पिल्लू पेंगायला लागलं की वाट पाहू नका. मोठ्या कोंबड्या ठीक असतील आणि गावात पक्षी मरत नसतील, तर दोन-तीन आजारी पिल्लं जिवंतच, छिद्रं पाडलेल्या खोक्यात घालून सकाळच्या गाडीनं उदगीरला न्या. एखादं वाटेत मेलं तर ते दोन पिशव्यांत गुंडाळून बर्फाशेजारी ठेवा, गोठवू नका. सोबत एका कागदावर लिहा : अंडी कोणत्या कोंबड्यांची, पिल्लं किती निघाली, किती कोणत्या दिवशी गेली, काय औषध दिलं. विष्ठा पांढरी होती का आणि गुदाभोवती चिकटली होती का, तेही. खोकं उचललेले हात साबणानं धुवा आणि घरातल्या लहान मुलांना तोवर त्या पिल्लांना हात लावू देऊ नका. तो अहवाल आला की मग अँटिजेन मागवायचं की आधी खुराडं रिकामं करायचं, ते ठरवता येईल.